धावडा मिळाला नाही म्हणून मी आलो

मी बदाम बोलतोय. सुक्या मेव्यातला नव्हे. दारात सावलीसाठी लावतात तो, रुंद पानांचा देशी बदाम. युसूफ वडगावात अंगदच्या दारात मी उभा आहे. या घरात मी आलो तो एका सासूसाठी, आणि मला आणलं तिच्या सुनेनं.

अंबाजोगाईच्या एका नर्सरीत काळ्या पिशवीत मी गुडघाभर वाढलो होतो. माणसं यायची, फुलझाडं बघायची, कलमी आंबा विचारायची. अंगदची बायको शिवकन्या आली आणि म्हणाली, "पानगळीला तांबडं होणारं झाड द्या."

नर्सरीवाल्यानं क्रोटनचं झुडूप पुढं केलं. "हे घ्या ताई. बारा महिने रंगीत."

"बारा महिने नको. हिवाळ्यात रंगून गळणारं पायजे. धावडा हाय का?"

"धावडा डोंगरात असतो ताई. नर्सरीत कोण ठेवील?"

ती निघालीच होती. तेवढ्यात माझं खालचं एक पान तिला दिसलं. कडेनं लाल झालेलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"हे सगळंच असं होतं का?"

"मोठं झाल्यावर होतं. पण लई कचरा करतं. झाडून झाडून हात दुखतील."

"झाडीन की," ती म्हणाली. मला उचललं, आणि पिवळ्या रंगासाठी सीताफळाचं एक रोपही घेतलं.

तिची सासू रुक्मिणीबाई. सारा जन्म धारूरच्या डोंगरात मेंढरांमागं गेलेला. एकदा उतारावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि चालणं संपलं. मेंढरं विकली. अंगदनं तिला गावातल्या घरी आणून खिडकीशी बाज टाकून दिली. खिडकीबाहेर होती अंगणापलीकडची सिमेंटची भिंत. थंडी पडली की म्हातारी विचारायची, "डोंगरात धावडं तांबडं झालं आसल का गं? सीताफळी पिवळ्या पडल्या आसतील." शिवकन्या ऐकून घ्यायची. मग तिनं आम्हा दोघांना बरोबर त्या खिडकीसमोर लावलं. सीताफळ पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेलं. मी राहिलो.

मी राहिलो, कारण शिवकन्येनं माझ्या बुडाशी एक टिपाड ठेवलं. कपड्यांचं, भाजी धुतलेलं पाणी ती त्यात साठवायची आणि संध्याकाळी मला घालायची. सुरुवातीच्या वर्षांत माझी दोन-चारच पानं रंगायची. गळालेलं पान ती सासूच्या हातात नेऊन द्यायची.

"आत्या, फुडल्या साली सगळं रंगतंय बगा."

"लेकरू हाय ते आजून. घाई करू नगंस त्याला."

मी छपराच्या वर गेलो, त्या वर्षी दसऱ्यानंतर शिवकन्येला ताप आला. डेंगूचा. दवाखान्यात नेली आणि परत आणली ती पांढऱ्या कापडात. माझ्याच सावलीत ठेवली. बायकांनी रुक्मिणीबाईची बाज उचलून दारापर्यंत आणली. म्हातारी रडली नाही. सुनेच्या तोंडावरून हात फिरवत एवढंच म्हणाली, "माज्या आदी कावून गेलीस गं?"

पुढं आरोग्य खात्याचा माणूस घरोघर तपासणी करत आला. टिपाडातल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्यानं त्या अंगदला दाखवल्या. तो माणूस गेल्यावर अंगदनं टिपाड लाथेनं पाडलं, आतून कुऱ्हाड आणली आणि माझ्या बुंध्यावर घाव घातला.

"अंगद, थांब," खिडकीतून आवाज आला.

"ह्याच्यापायी गेली ती, माय. ह्याच्या पान्यापायी."

"मग माज्यापायी म्हन. माज्यासाठीच आनलं व्हतं तिनं ते."

अंगदचा हात तसाच राहिला.

"मी हाय तवर राहू दे. मागनं तुला काय करायचं ते कर."

त्यानं कुऱ्हाड ठेवली. त्या दिवसापासून तो माझ्याजवळून खाली मान घालून जातो.

त्याच पौषात मी शेंड्यापासून खालपर्यंत लाल झालो. रंगू नये असं वाटत होतं. पण झाडाला ते कुठं जमतं? सकाळी रुक्मिणीबाईला जाग आली. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून तिनं हाक मारली, "शिवकन्या, ये गं. झालं बग तांबडं."

पिठानं भरलेले हात घेऊन अंगद बाहेर आला. "काय पायजे, माय?"

"काई न्हाई," म्हातारी म्हणाली आणि तिनं कूस बदलली.

यंदा मार्गशीर्षात तीही गेली. तिची बाज आता भिंतीला उभी करून ठेवली आहे. काल अंगदनं कुऱ्हाडीला धार लावली.

अंगद, आईला दिलेला शब्द तू पाळलास. आता मला तोडलंस तरी माझी तक्रार नाही. उन्हाळ्यात मला पाणी घालणारं कोणी उरलं नाही, हे मलाही कळतं. पण माझी पानं पुन्हा तांबडी व्हायला लागलीत. हा रंग शिवकन्येला बघायला मिळाला नाही. आणि तू रोज माझ्या खालून जातोस, तरी तूही तो अजून पाहिलेला नाहीस. एवढी पानगळ होऊ दे. एकदा मान वर करून बघ. मग कुऱ्हाड आण.