अंगावर घेतलेली चूक

चार महिन्यांत नोकरी लावून देणाऱ्या तीन एजन्सी झाल्या. पहिलीने फोन उचलणं बंद केलं. दुसरीने माझ्या नवऱ्याला, तवीताला, दोन दिवस कांद्याच्या गोदामात पाठवलं आणि मग विसरूनच गेली. तिसरीतली गोड आवाजाची बाई दर सोमवारी म्हणायची, "तुमची फाइल वर गेलीय हं." वर म्हणजे कुठे, स्वर्गात? तेवीस वर्षं फोर्कलिफ्ट, गोदामातली माल उचलायची गाडी, चालवलेला माणूस, कंपनी बंद पडली म्हणून घरी बसलेला. ऑकलंडच्या आमच्या मांगेरे भागात तर जिकडे बघाल तिकडे गोदामं. मग काम का मिळेना, मला काही उमगेना.

तवीताने मात्र मुकाट्याने ब्रिस्बेनला जायची तयारी चालवली होती. तिथे त्याच्या भावाने मांसाच्या कारखान्यात काम बघून ठेवलं होतं. शनिवारचं विमान. मी इथे आईच्या दुखण्यात अडकलेली. "वर्षभराचाच तर प्रश्न आहे," तो म्हणाला. वर्षभर म्हणे! सामोआहून ऑकलंडला आम्ही वर्षभरासाठीच आलो होतो, त्याला एकतीस वर्षं झाली. या वयात त्याच्याशिवाय मला राहायचं नव्हतं.

बुधवारी मी त्याला ओढतच शेजारच्या ओटाहुहूतल्या चौथ्या एजन्सीत नेलं, बेकरीच्या वरच्या मजल्यावर.

"तू बाहेर बस," तो म्हणाला. "मुलाखत माझी आहे."

"तू बोल, मी नुसती ऐकते."

यावर त्याचा काय, माझाही विश्वास नव्हता.

ब्रॉनी नावाची मुलगी होती, जेमतेम पंचविशीची. तिने अर्ज चाळला आणि तिचा चेहरा पडला.

"तुमच्यामुळे कामावर कुणाला इजा झाली का, असं इथे विचारलंय. तुम्ही लिहिलंय, 'होय, एकाचा पाय मोडला, चूक माझी.'"

"होय," तवीता म्हणाला.

"आधीच्या एजन्सींनाही हेच लिहून दिलंत?"

"दुसरं काय लिहिणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कपाळ माझं! अरे, तू त्या दिवशी गाडीवर होतास तरी का?"

"लूपे, गप्प बस."

"चार महिने गप्पच बसलेय, म्हणून तर ही वेळ आली!"

मग मी सगळं सांगूनच टाकलं. गाडी चालवत होता तो याच्या हाताखालचा माणूस, आमच्याच गावचा. नाव मी घेतलं नाही. त्याने घाईत वळण घेतलं आणि पेट्यांची रास दुसऱ्या गावच्या एकाच्या पायावर कोसळली. तवीता त्या शिफ्टचा मुकादम, शिवाय आमच्या घराण्याचा मताई, म्हणजे प्रमुख. आपल्या माणसाने चूक केली की मताईने ती अंगावर घ्यायची, ही आमची रीतच. दुसऱ्या दिवशी पहाटे हा त्या जखमी माणसाच्या दारात माफी मागायला जाऊन बसला, डोक्यावरून विणलेली चटई पांघरून. तीन तास, तेही जुलैत, इथल्या ऐन थंडीत! शेवटी घरच्यांनी चटई काढली, म्हणजे माफ केलं, त्याला आत नेलं, गरम कोको पाजला. तिथेच सगळं मिटलं. कंपनीच्या चौकशीतही खरं काय ते निघालं. पण हा शहाणा अजून प्रत्येक अर्जात तेच गिरवत होता, आणि मला पत्ता नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासीच दोर घेऊन फिरत होता.

ब्रॉनीने पेन खाली ठेवलं. "मला हे तपासावं लागेल," ती म्हणाली आणि आमच्यासमोरच तिने जुन्या कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. बोलता बोलता ती हसली.

"ते विचारताहेत, हा अजून तेच सांगतो का?"

मग तिने विमानतळाजवळच्या एका गोदामाला फोन लावला, आम्हालाही ऐकू येईल असा. देव तिचं भलं करो, काय बोलली ती पोर! "माझ्यासमोर रोज माणसं बसतात," ती म्हणाली, "आपली चूक दुसऱ्यावर ढकलणारी. आज उलटा माणूस आलाय." सगळी हकिगत तिने सांगितली. तवीता मान खाली घालून ऐकत होता.

पलीकडचा आवाज खरखरीत होता. "त्यालाच विचारतो. काय हो, चूक तुमची होती का?"

मी तवीताकडे डोळे वटारले. हा आता 'होय' म्हणाला की संपलं.

तवीताने आपल्या हातांकडे बघितलं. "माणूस माझा होता," तो म्हणाला, "म्हणून शरम माझी." मग घसा खाकरून म्हणाला, "पण गाडीवर मी नव्हतो."

एवढं एक वाक्य! चार महिने कुठे ठेवलं होतंस रे बाबा?

"गाडी चालवणारे माझ्याकडे बारा आहेत," आवाज म्हणाला. "त्यांच्यावर नजर ठेवणारा कुणी नाही. सोमवारी सहाला या. तीन महिने एजन्सीकडून, जमलं तर कायम."

मी ब्रॉनीला अशी मिठी मारली की बिचारीचा चष्मा वाकडा झाला. रडू आवरेना मला. तवीताने तिचे दोनदा आभार मानले आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर पडला. जिन्यावर आल्यावर थांबला.

"त्याचं नाव नाही घेतलंस," तो म्हणाला.

"नाही. पण घेतलं असतं तर?"

"तर शनिवारी ब्रिस्बेनला गेलो असतो," तो म्हणाला, आणि माझा हात धरून जिना उतरायला लागला.