तांबडा दिवा न लावता

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. घरात टेबलावर ठेवतात तसला नव्हे. दोघांनी मिळून उचलावा लागतो असला, स्टुडिओतला. फिनलंडच्या तांपेरे शहरात कापडगिरणीमागच्या गल्लीत माझी उमेदीची वर्षं गेली. आज मी इथल्याच संग्रहालयात बसून आहे आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही.

तैस्तो रंटानेन हे माझे मालक. गाणारी माणसं हेरायची, त्यांच्या तबकड्या काढायच्या आणि फिनलंडभर वाजवायच्या, हा त्यांचा धंदा. कान मात्र पक्का, हे मी रागातही कबूल करतो. रोज सकाळी ते स्वतः मला पुसत. "हा आहे म्हणून मी आहे," असं पाहुण्यांना सांगत आणि मी फुशारून जात असे.

त्यांची एक खोड होती. ध्वनिमुद्रण चालू असल्याचा तांबडा दिवा लागला की नवख्या गायकाचा घसा आवळतो, म्हणून दिवा न लावताच ते मला चालू करत आणि म्हणत, "नुसता सराव आहे, गा बिनधास्त." गाणं झालं की खरं सांगत. गायक हसत, शिव्या देत, कॉफी पीत. मलाही गंमत वाटायची. त्या लबाडीत मी सामील होतो, हे लपवत नाही.

मग एक दिवस आयली कोर्पेला आली. गिरणीत सूत कातणारी, लढाईत रशियाकडे गेलेल्या कारेलिया प्रांतातलं घरदार सोडून आलेल्यांतली. ठरलेलं गाणं तिला काही केल्या जमेना. तिची आई जाऊन आठच दिवस झाले होते.

"मग आज जे गळ्यात आहे ते गा," तैस्तो म्हणाले. "घसा तरी मोकळा होईल."

"आईसाठीचा विलाप आहे, साहेब. आमच्यात तो गेलेल्या माणसाला ऐकवतात, लोकांना नाही. यंत्र बंद आहे ना?"

"बंद आहे गं. दिवा बघ की."

माझी चाकं तेव्हा फिरत होती.

ती गायली. असं गाणं त्याआधी माझ्यावर कधी उतरलं नव्हतं. तैस्तोंनी खरं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "पुसून टाका," एवढंच म्हणाली. त्यांनी शब्द दिला आणि ती गेल्यावर रीळ डब्यात ठेवून दिलं. मग त्याची नक्कल काढली, नकलेतलं गाण्याआधीचं बोलणं पात्याने कापून फेकलं आणि विलापाखाली ढोल अन् अकॉर्डियन भरला. त्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या एकूणएक नाचघरांत ती तबकडी वाजली.

आयली एकदाच परत आली. "माझ्या आईवर लोक नाचताहेत," ती म्हणाली.

"वेडी का काय तू? सगळा देश तुला ओळखतो आता."

त्यानंतर ती कुठेच गायली नाही. तैस्तो मात्र त्या एका तबकडीवर चढत गेले, हेलसिंकीतल्या मोठ्या कंपनीचे प्रमुख झाले. मला त्या रिळाच्या डब्यासकट तळघरात टाकलं. उंदरांनी माझ्या तारा कुरतडल्या, पण त्याचं मला फारसं वाटलं नाही. संताप येई तो वेगळ्याच गोष्टीचा. मला सगळं ठाऊक होतं आणि मला कोणी विचारत नव्हतं.

तैस्तोंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला संग्रहालयाने त्यांचा सत्कार ठेवला. मला तळघरातून आणून दुरुस्त केलं, तेल घातलं. संग्रहालयातल्या मार्केत्ताबाईंनी हौसेने तेच मूळ रीळ माझ्यावर चढवलं. शेवटच्या रांगेत अंगातला कोटही न काढता आयली बसली होती.

"आयलीने हे गाणं आपणहून माझ्या हाती दिलं," तैस्तो म्हणाले आणि त्यांनी ऐटीत कळ दाबली. पातं नकलेवर चाललं होतं, मुळावर नाही, हे ते विसरूनच गेले होते.

मी मुळीच अडखळलो नाही. सगळ्या दालनाला ऐकू गेलं, यंत्र बंद आहे ना? बंद आहे गं. दिवा बघ की.

तैस्तोंचा हात तसाच हवेत राहिला. आता पुढे विलाप सुरू होणार होता. आयली चालत माझ्यापाशी आली.

"आता तरी बंद कर, तैस्तो," ती म्हणाली. "कळ कुठे आहे ते तुला माहीत आहे."

त्यांनी मला बंद केलं. आयलीने रीळ उतरवलं, पिशवीत घातलं आणि ती निघून गेली. मार्केत्ताबाईंनी तिला अडवलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसत जा, अधूनमधून तेलही घाला. पण माझ्याशेजारी त्या रिळाचा रिकामा डबा ठेवला आहे. त्यात काही भरू नका.