गळ्यातली कलेजी

शिरोळच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर गाठीनाथ महाराज सुरी न लावता, टाका न घालता माणसांच्या अंगातल्या गाठी काढत होते आणि दर गाठीला टाळ्यांचा कडकडाट होत होता.

गंगव्वा पुढच्याच रांगेत होती. तिच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "थायरॉईडची गाठ आहे. बारीक सुईनं थोड्या पेशी काढून तपासू." सुईचं नाव ऐकून गंगव्वा जी उठली, ती इथं येऊनच टेकली. सोबत लेक विद्याश्री, शाळेत विज्ञान शिकवणारी. आईला अडवून थकली, म्हणून आली होती. पण डोळे उघडे ठेवून.

"डाक्टर सुई घालत्यात, आमी नजर घालतो!" महाराज गरजले. "सुईनं गाठ चिडती. नजरंनं लाजती आन् भाईर येती!"

त्यांनी गंगव्वाला व्यासपीठावर बोलावून तिची मान मागं टाकली, हळदीचा कापूस गळ्यावर दाबला आणि बुबुळं फिरवली. कापूस लाल झाला, लाल ओघळ पदरावर आला. महाराजांनी चिमटीत एक लालभडक गोळा उंच धरला. लोकांनी जयजयकार केला. गंगव्वाच्या डोळ्यांत पाणीच आलं. महाराजांनी लगबगीनं तिच्या गळ्याला भगवं फडकं गुंडाळलं.

"अकरा दिस सोडायचं न्हाय!"

"आत्ताच सोडायचं," म्हणत विद्याश्री वर चढली आणि तिनं फडकं ओढून काढलं. "अव्वा, घोटभर पाणी पी."

गंगव्वानं घोट घेतला. गाठ सगळ्यांदेखत वर गेली आणि खाली आली.

"थायरॉईडची गाठ गिळताना अशीच हलते," विद्याश्री म्हणाली. "ती जाग्यावरच हाय. मग महाराजांच्या हातात काय हाय?"

गर्दीतून चिकनचं दुकान चालवणारी तानाबाई वर आली आणि तिनं गोळा हिसकावून निरखला. "अगं बया! ही तर कोंबडीची कलेजी!"

महाराज सटकायला लागले. तानाबाईनं मनगट धरलं, तर अंगठ्यावरचं रबरी टोपण तिच्याच हातात आलं. आत पोकळ, कलेजी लपायची ती तिथं. विद्याश्रीनं पानवाल्याकडून चुना मागवला, पाण्यात कालवून महाराजांच्याच हळदीच्या दुसऱ्या कापसावर टाकला. कापूस लालेलाल! मघाचं रक्तही असंच, हळद आणि चुन्याच्या पाण्याचं.

"आमच्यात सात पिढ्या अंडं शिवलं न्हाय," गंगव्वा कडाडली, "आन् मुडद्या, तू माज्या गळ्यातनं कोंबडी काढतोस व्हय रं?"

सोमवारी तिनं लेकीचा हात घट्ट धरून सुई घेतली. डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत होत्या. मुंगी चावल्यागत झालं.

"येवढंच?" गंगव्वानं विचारलं.

अशा बहुतेक गाठी साध्या असतात. तिची तशी निघाली नाही. कर्करोग होता, पण पसरला नव्हता. ऑपरेशन झालं, आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. फडकं बांधून आपण निर्धास्त बसलो असतो, हे आठवलं की तिच्या अंगावर काटा येतो.

गल्लीत कुणाच्या गळ्याला गाठ दिसली, की आता तीच दटावते, "फडक्यानं गाठ झाकती, कळत न्हाय. सुईनं कळतं. कळलं तर उपाय हाय. चल, ऊठ. मी हाय संगं."