दार कोणी वाजवलं

पंचशीलाची लेक पाच महिन्यांची झाली, तरी तिला नाव नव्हतं. नाव दोन्ही आजोबांनी मिळून ठेवायचं, अशी त्या घरांची रीत. आणि आजोबांची तोंडं दोन दिशांना.

दुष्काळाचं साल. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. तशात तिचे सासरे व्यंकटराव लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळहून नांदेडला तिच्या माहेरी बाळंतिणीला बघायला आले आणि जेवताना म्हणाले, "उदगीर जिल्हा झाला की आमचा तालुका त्यात जानार बघा, इवाई."

पंचशीलाचे वडील साहेबराव भाकरी मोडत म्हणाले, "जिल्ह्याचं मागून बघू. आधी हितं पोटभर पानी पिऊन घ्या."

व्यंकटरावांनी तांब्या बाजूला सारला आणि तसेच उठले. तेव्हापासून दोघा व्याह्यांचं एकच पालुपद: आधी त्यांनी बोलावं.

पंचशीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं दोघांना लिहून बोलता येईल असा प्रोग्रॅम करायला घेतला. वडिलांना म्हणाली, "दोन प्रोग्रॅमचं बोलणं असं असतं, बाबा. एकानं आपल्या दाराचा नंबर सांगून ऐकत बसायचं. दुसऱ्यानं त्या नंबरवर येऊन दार वाजवायचं. दार उघडलं की मग दोघांनी बोलायचं."

"मंग आपला ऐकत बसंल. वाजवू दे त्यांच्याला."

शिरूरहून नवऱ्यानं त्याच्या वडिलांचा निरोप फोनवर सांगितला, "दादा म्हनायलेत, ऐकत बसनार तो आपलाच."

दोघंही ऐकत बसले तर जन्मभर बसतील, हे पंचशीलाला पक्कं ठाऊक होतं. तिनं दोन्हीकडं सारखाच प्रोग्रॅम बसवला. पडद्यावर अक्षरं यायची, 'ऐकत आहे'. खरं तर दोन्ही प्रोग्रॅम गुपचूप जाऊन कॉलेजातल्या कॉम्प्युटरचं दार वाजवणार होते. तिथं तिचा तिसरा प्रोग्रॅम ऐकत बसला होता. दोघं आले की तो एकाच वेळी प्रत्येकाला दुसऱ्याच्या नावानं 'जय भीम, इवाई' पाठवणार, आणि पुढं एकाचं आलेलं दुसऱ्याकडं ढकलत राहणार.

रविवारी सकाळी साहेबरावांच्या पडद्यावर 'जय भीम, इवाई' उमटलं. त्यांनी चष्मा पुसला. "आले का न्हाई नमून."

पंचशीला शेजारच्या खोलीत, मांडीवर पोर घेऊन, लॅपटॉपवर दोघांचं बोलणं बघत होती.

'जय भीम. पाण्याचं बोललो ते चुकलं,' साहेबरावांनी लिहिलं.

'आम्ही ताटावरून उठलो तेही चुकलं. पोरीचं नाव?'

'तुम्हीच सांगा. तुम्ही आधी आलात.'

आता बिंग फुटणार, म्हणून पंचशीला लॅपटॉपवर वाकली.

'आधी तुम्ही आलात. पण सांगतो. आमच्या आईचं ठेवू. नागुबाई.'

तिनं स्वतः तीन नावं निवडून ठेवली होती, तिन्ही दोन-दोन अक्षरी. हात झपकन पुढं गेला. पण मधला प्रोग्रॅम आलेलं पुढं ढकलायचा, अडवायचा नाही. तिनंच तसा लिहिला होता.

'पसंत,' साहेबरावांनी लिहिलं आणि हाक मारली, "पंचे, नागुबाईला आन हिकडं. आनि खरं सांग, आधी कोन आलं?"

"दोघंबी संगंच आलाव, बाबा," ती म्हणाली. तेवढं मात्र अगदी खरं होतं.