तीस सेकंद

फोन वाजला तेव्हा मशीन सुरू होऊन अकरा सेकंद झाले होते. मिस्त्रीने घड्याळाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि वाजू दिला. गाडीचे सहा इंजेक्टर सहा काचेच्या नळ्यांत इंधन फवारत होते. तीस सेकंद पुरे होईपर्यंत खटक्याला हात लावायचा नाही, हा गॅरेजचा नियम. मध्येच थांबवलं तर कोण किती इंधन सोडतो ते कळत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

तीस झाल्यावर त्याने मशीन बंद केलं, हात पुसले आणि उलट फोन लावला. मेहुणी दवाखान्यात बायकोजवळ होती.

"भाऊजी, ताईला बोलायचं होतं तुमच्याशी. फोन तिच्या कानाशी धरला होता मी."

"मग दे ना."

"आता नाही हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टर दोन दिवसांत घरी सोडणार होते. म्हणून तर बायकोने त्याला सकाळी हाकललं होतं. "इथे माझं तोंड बघत बसू नका. पोस्टमास्तरांची गाडी किती दिवस ठोकळ्यांवर ठेवणार?"

गाडी चाळीस वर्षांची होती. तिचे इंजेक्टर आता बाजारात मिळत नव्हते. भंगारातून पंधरा-वीस आणायचे, धुवायचे आणि त्यातून सारख्याच मापाने इंधन सोडणारे सहा निवडायचे. धुणं, खोलणं, बसवणं मिस्त्रीचं. नळ्या वाचायचं काम बायकोचं. ती बुटकी. स्टुलावर बसली की तिचे डोळे बरोबर रेघांच्या समोर यायचे. नळ्या लावल्याच होत्या तिच्या उंचीला. मिस्त्री ताडमाड, ती त्याला मागे सारायची.

"वरून काय बघताय? वरून सगळ्या सारख्याच दिसतात. चौथी दोन रेघा कमी आहे."

"दोन रेघांनी काय होतंय?"

"आमटीत मीठ दोन चिमटी कमी पडलं तर चालतं का तुम्हाला?"

दवाखान्याचा फोन आला त्या दिवशी नळ्या कोणी वाचल्याच नाहीत. पाच आठवड्यांनी त्याने गॅरेज उघडलं तेव्हा नळ्यांत तळाशी पिवळट डाग तेवढे राहिले होते. त्याने पुन्हा मशीन चालवलं, उभ्याउभ्या वाचलं, सहाही सारखे दिसले, बसवून टाकले.

दुसऱ्याच दिवशी पोस्टमास्तर गाडी परत घेऊन आले. निवृत्त माणूस, बोलायला फटकळ.

"मिस्त्री, इंजिन लंगडतंय. सिग्नलला थांबलो की अशी थरथरते, लोकांना वाटतं मलाच कंप सुटलाय."

"पेट्रोल कुठलं भरलंत?"

"पेट्रोलवर ढकलू नका. तीस वर्षं येतोय तुमच्याकडे." मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या स्टुलावर गेली. त्यावर चिंध्यांचा ढीग होता. ते आवाज उतरवून म्हणाले, "घाई नाही हो. राहू दे गाडी. पण दुसऱ्याकडे मी नेणार नाही, हे सांगून ठेवतो."

ते गेल्यावर मिस्त्रीने सहाही इंजेक्टर उतरवले, मशीनला लावले. चिंध्या उचलून खाली ठेवल्या. स्टूल ओढलं आणि बसला. गुडघे पार छातीशी आले. मान वाकवून पाठ गोल केली, तेव्हा कुठे डोळे रेघांच्या समोर आले. त्याने खटका दाबला.

नळ्या भरू लागल्या. इथून स्पष्ट दिसत होतं. चौथी मागे पडत होती.

एकोणीस सेकंद झाले आणि फोन वाजला.

मिस्त्रीने मशीन बंद केलं. ओल्या हातानेच फोन कानाला लावला.

"भाऊजी, उचललात? मला वाटलं, कामात असाल."

"होतो."

"मग नंतर करते."

"नको, बोल."

"काही नाही हो. जेवलात का, एवढंच विचारायचं होतं."

"नाही अजून. तू?"

मेहुणी बोलत राहिली. भाजी करपली, मुलगी ऐकत नाही, ताईच्या साड्यांचं काय करायचं. तो हं हं करत होता. एकदा हसलाही. बोलणं संपलं तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं आणि पाठ ताठ झाली होती. त्याने सहाही नळ्या रिकाम्या केल्या, पुसल्या.

चौथ्याला जुळणारा इंजेक्टर भंगाराच्या डब्यातून शोधायचा होता. त्याआधी तीस सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते. ते राहिलं.