मला काय त्याचं

डेल्सी हेगरच्या ट्रेलरमध्ये न्हाणीघरापुढची जमीन यंदा दुसऱ्यांदा खचली. ट्रेलर म्हणजे काय, चाकांवर ओढून आणलेलं पत्र्याचं लांबट घर. एकदा ओढ्याकाठी टेकवलं की चाकं गंजतात आणि भुसा दाबून केलेली जमीन चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगते. आर्व्हिलने तिच्यावर प्लायवूड टाकलं, त्यावर आणखी एक टाकलं, आणि आता नवराबायकोला घरातल्या घरात कुठे पाय द्यायचा नि कुठे नाही हे पाठ झालं होतं. पाहुण्यांना मात्र सांगावं लागे, म्हणून त्यांनी पाहुणे बोलावणंच सोडलं होतं.

जमिनीचं एक वेळ चाललं असतं. पण भिंतींत ओल होती आणि आर्व्हिलच्या छातीत अर्ध्या आयुष्याची खाणीतली धूळ. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं, आणखी एक हिवाळा या ओलीत काढलात तर पुढचा दिसेल याची मी हमी देत नाही. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून ज्याच्या जागेवर ट्रेलर उभा होता त्याने जागाच विकली. नव्या मालकाला तिथे लाकडी खोल्या बांधायच्या होत्या, शनिवार-रविवारी डोंगरात चिखलगाड्या उडवायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी. ऑक्टोबर संपायच्या आत तुमचा डबा हलवा, एवढंच त्याचं म्हणणं.

कोरडं घर मिळालं नाही तर ओहायोला, लेकीकडे, तिच्या तळघरातल्या खोलीत. लेक मनापासून बोलवत होती. पण आर्व्हिल तळघरात बसून भिंतीवरच्या चिंचोळ्या खिडकीतून लोकांचे बूट बघणार, आणि वसंत यायच्या आत हाय खाऊन जाणार, याची डेल्सीला खात्री होती.

आणि घरं नव्हती असं कुठे होतं? डेल्सी शाळेची बस चालवायची. काउंटीतलं प्रत्येक खोरं तिला दिवसातून दोनदा दिसे आणि दर दोन वळणांआड एक रिकामं घर दिसे. पडकं नाही, चांगलं. पडदे लावलेले, ओसरीवर झोपाळा टांगलेला. कोणाची तरी आई तिथे वारली, मुलं चार राज्यांत पांगली, आणि मग घर विकायचंही नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. आईचं आहे ना. मे महिन्यात थडग्यांना फुलं वाहायच्या रविवारी सगळे जमणार, आईच्या टेबलावर जेवणार, डोळे पुसणार, कुलूप लावून जाणार. सरकारी माणसं येऊन म्हणायची, या काउंटीत घरांची टंचाई आहे. टंचाई कसली, डोंबलाची! मेलेल्यांना घरं होती, जित्यांना नव्हती, इतकंच.

"आणखी बीन्स वाढू?" तिने आर्व्हिलला विचारलं.

"मला काय त्याचं," म्हणून आर्व्हिलने ताट पुढे केलं.

इथे असंच बोलतात. कोणी काही देऊ केलं आणि ते हवं असलं की 'मला काय त्याचं' म्हणायचं. याचा अर्थ आनंदाने, अगदी मनापासून. सरळ 'हो' म्हणणं हावरटपणाचं. ते फार तर लग्नात पाद्र्यापुढे म्हणायचं, तेही नाइलाजाने.

"ओढ्यापलीकडचं ऑर्मलकाकांच्या आईचं घर सहा वर्षं रिकामं आहे," डेल्सी वाढता वाढता म्हणाली. "छप्पर शाबूत. कोळशाची शेगडी आहे. तुझ्या छातीला कोरडी ऊब मिळेल."

"मग जाऊन विचार त्याला."

"तोंडावर विचारू? मेलेल्या आईचं घर? अरे, नको म्हणायचं झालं तर बिचाऱ्याने तोंड कुठे लपवायचं?"

"मग नको विचारूस. तळघरात जाऊ. मी वटवाघूळ होतो."

"तुला तेवढंच जमेल," डेल्सी म्हणाली आणि मक्याच्या ब्रेडचा मोठा तुकडा त्याच्या ताटात आपटला.

शेवटी तिने मधला माणूस गाठला. काउंटीच्या मुख्य गावात घरांसाठी मदत करणारं एक कार्यालय होतं. तिथे शहरातून नुकती आलेली मिस व्हिटलॉक बसे. पोरगी चांगली होती, हसून बोलायची, कोणी न सांगता कॉफी पुढे करायची. म्हणाली, मालक तयार असेल तर घराची वायरिंग आम्ही नवी करून देऊ, भाड्यातही थोडा हातभार लावू. मी आजच फोन करते त्यांना.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "मिसेस हेगर, मला फार वाईट वाटतंय. त्यांची इच्छा नाही."

"नाही म्हणाले?"

"हो. अगदी तुटकपणे. मी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. आपण दुसरं काहीतरी शोधू, हं?"

दुसरं काय शोधणार, कप्पाळ. डेल्सीने फोन ठेवला आणि तिला ऑर्मल स्टिडमचा असा राग आला की कानशिलं तापली. या माणसाची आई आजारी असताना रोज बस लावून झाली की डेल्सी तिला आंघोळ घालायला जायची, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. नाही म्हणायचं होतं तर म्हणा, पण तुटकपणे? त्या परक्या पोरीजवळ?

त्यानंतर ऑर्मलची जुनी गाडी रस्त्यात समोरून आली की तो नेहमीसारखा नमस्कारादाखल स्टिअरिंगवरचं एक बोट उचली. डेल्सी समोर बघून बस हाके. आठवडाभराने त्याने बोट उचलणं सोडलं. मग तर तिला आणखीच राग आला. चोर तो चोर, वर शिरजोर. आर्व्हिलचा खोकला आता पहाटेच सुरू होई आणि ती ओहायोला न्यायच्या सामानाची खोकी भरत राही. दर खोक्यागणिक एकेका स्टिडमचा उद्धार होई.

निघायच्या आधी उसनी भांडी परत करायची असतात. ऑर्मलच्या आईने दिलेला ब्रेड भाजायचा लोखंडी तवा डेल्सीकडेच राहिला होता. त्याला तेलाचा हात लावून ती शनिवारी सकाळी ओढ्यावरचा फळ्यांचा पूल ओलांडून गेली. तवा त्या रिकाम्या घराच्या ओसरीवर ठेवून, तोंड न दाखवता परतायचा तिचा बेत होता.

पण म्हातारीच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

डेल्सी थबकली. खिडक्या पुसलेल्या होत्या. दाराशी कोळशाचं नवं पोतं टेकवलेलं होतं. म्हणजे चिखलगाडीवाल्यांना दिलं! आम्हाला नाही, आणि शनिवारच्या त्या धिंगाण्याला दिलं. ऑर्मल राखेची बादली घेऊन दारात आला तेव्हा डेल्सीच्या हातात तवा होता, आणि तो जड होता.

"किती देतात हो ते लोक, ऑर्मलकाका? तुमच्या आईच्या खाटेवर चिखलाचे बूट घालून लोळायचे?"

"कोण लोक?" सत्तर वर्षांचा उंच माणूस बादली धरून तसाच उभा राहिला.

"चिखलगाड्यांचे. मग शेगडी कोणासाठी पेटवलीत?"

"आता हिला काय सांगू," ऑर्मल म्हणाला आणि त्याने बादली अशी आदळली की राख उडाली. "तीन आठवडे रोज पेटवतोय. माझा कोळसा जाळतोय. ओल धरू नये म्हणून. आणि तुम्ही दोघं येण्याचं नाव नाही. बोट उचललं तरी बघत नाहीस. म्हटलं, म्हातारीचं घर पसंत नसेल. ओहायोची झाली आता ही."

"तुम्हीच नाही म्हणालात ना!"

"कोणाला?"

"ऑफिसातल्या पोरीला. दोनदा."

"मी? तिने विचारलं, हेगरांना घर भाड्याने द्याल का. मी म्हटलं, मला काय त्याचं. तिने परत विचारलं. मला वाटलं पोरीला कमी ऐकू येतं. परत मोठ्याने म्हटलं, मला काय त्याचं."

डेल्सी पायरीवर बसली. तवा मांडीवर घेऊन ती आधी हसली, मग तिला आवरेना. हसता हसता कधी रडू आलं तिलाच कळलं नाही. केवढा मूर्खपणा! त्या पोरीचा, ऑर्मलचा, आपला, या अख्ख्या डोंगराचा. एक माणूस आनंदाने देतोय, दुसरा मरणाच्या दारात वाट बघतोय, आणि मध्ये ओढा, त्यावर पूल, आणि कोणी चार पावलं चालून विचारायला तयार नाही, कारण कसं दिसेल ते?

"तुम्ही यायचं होतंत," ती नाक पुसत म्हणाली.

"मी घर द्यायला दारोदार फिरू? तू यायचं होतंस."

"हो, मी यायचं होतं."

ऑर्मलने राखेची बादली पायाने बाजूला सारली. मग आत बघत म्हणाला, "आईची खाट शेगडीजवळ घेतलीय. आर्व्हिलला जिना चढायला नको. मे महिन्यातला तेवढा एक रविवार आम्ही येणार. जेवायला तुम्हीही बसायचं आमच्याबरोबर."

खाटेवर म्हातारीची गोधडी अंथरली होती. तिच्या एका कोपऱ्याला डेल्सीने घातलेलं ठिगळ होतं, म्हातारीच्या आजारपणातलं. त्याकडे बघून डेल्सीने सरळ फोन काढला आणि मिस व्हिटलॉकला लावला.

"पोरी, घर मिळालं. वायरिंगवाल्याला पाठव."

"म्हणजे? ते तर नाही म्हणाले होते. मला त्यांच्या तोंडून स्पष्ट ऐकायला हवं. ते तयार आहेत का?"

डेल्सीने फोन ऑर्मलच्या कानाला लावला. त्याने घसा साफ केला.

"मला काय त्या..."

डेल्सीने त्याच्या बुटावर पाय दिला. "हो म्हणा, काका. नुसतं हो."

ऑर्मलचे कान लाल झाले. त्याने डेल्सीकडे बघितलं, आत खाटेकडे बघितलं, मग भिंतीकडे तोंड केलं. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तिच्याशी लग्न लागलं त्या दिवसानंतर हा शब्द त्याने उच्चारला नव्हता.

"हो," तो म्हणाला.