गोष्टीला हं

आमच्या शेजारची नूरिया म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. लहानपणी स्पेनमध्ये शाळेत कॅटलान, म्हणजे घरची भाषा, बोललं की छडी बसायची, म्हणून जन्मभर त्याच भाषेत लिहीन म्हणाली आणि लिहीत राहिली. नवरा पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात, आणि ही इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या स्वयंपाकघरात बसून कविता आणि मिठागरांखालच्या राज्याच्या अद्भुत कादंबऱ्या लिहायची. इथे वाचणारं कुणी नव्हतं. पुस्तकं तिकडे बार्सिलोनात छापली जायची.

पुढे तिची दृष्टी गेली. मग ती छोट्या रेकॉर्डरवर बोलायला लागली, आणि जिरोनातली तिची भाची लाया ते ऐकून टाइप करायची. पण नुसत्या भिंतीशी बोलवत नाही म्हणाली, म्हणून ऑफिसचं काम आटपलं की मी तिच्याकडे भाजी निवडत बसायची.

मला कॅटलान ओ की ठो कळत नाही, एरवी आम्ही इंग्रजीतच बोलायचो. पण गोष्ट ऐकताना हं म्हणायचं, नाहीतर सांगणारा थांबतो, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी आपली हं, हं करत राहायची. माझं हं जिथे रेंगाळायचं, ते वाक्य ती बदलायची. शब्द कळत नाहीत म्हणून तुझं हं खोटं बोलूच शकत नाही, म्हणायची. मला मेलीला काय, हसू यायचं.

दोन हजार एकवीसच्या लॉकडाउनच्या तोंडावर ती पडली, खुबा मोडला आणि थेट वृद्धाश्रमात गेली. तिसऱ्या कादंबरीचं शेवटचंच प्रकरण राहिलं होतं. मिठाखाली अडकलेली मुलगी वर येते की नाही, एवढं सांगायचं होतं. ते आता तुझ्यासमोर सांगते म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून भेटी बंद.

मग टॅब्लेटवरून व्हिडिओ कॉल. ती सांगायला लागली, मी हं म्हटलं. ती थांबली. पुन्हा सुरू, पुन्हा हं, पुन्हा थांबली. माझ्या लक्षात आलं तेव्हा डोकंच फिरलं. कॉलचं सॉफ्टवेअर पंख्याची घरघर गाळतं ना, तसं माझं हं गोंगाट समजून गाळत होतं. आयटीत केस पांढरे झाले माझे, आणि एक हं पोचवता येईना! तिथल्या नर्सला म्हटलं, सेटिंग बदल. ते वृद्धाश्रमाच्या ऑफिसने लॉक केलं होतं, आणि बिचारीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. साधा फोन लावून पाहिला. कानाशी धरायला नूरियाचा हात उचलेना, आणि स्पीकरवर ती बोलत असताना माझा आवाज दबायचा.

हं ऐवजी येस म्हणून पाहिलं. ते पोचलं, पण तिला वाटलं मी काहीतरी विचारतेय. सुंदर आहे म्हटलं, तर म्हणाली, ही तुझी सभ्यता झाली. हं म्हणतेय गं, यंत्र गाळतंय, हेही सांगितलं, तर म्हणाली, माझं मन राखायला सांगतेस.

तिने शेवट बदलला. मग तोही बदलला. दर वेळी थांबून कान द्यायची, आणि मी इकडे वेड्यासारखी हं, हं करत असायची. विवेक, माझा नवरा, आतून धावत आला, मला उचकी लागलीये की काय बघायला.

नंतर वृद्धाश्रमात कोविड शिरला. शेवटच्या कॉलला तिला धाप लागत होती. तरी तिने सगळं सांगितलं, अगदी हळू, आणि वाट पाहिली.

"नीलिमा, तू गप्प आहेस," ती म्हणाली. "म्हणजे हेही चुकलं."

मी ओरडले, नाही, नाही चुकलं. तिने नकारार्थी मान हलवली. रेकॉर्डरची बटणं ती बोटांनी ओळखायची. माझ्या डोळ्यांदेखत तिने ते प्रकरण पुसलं. मी स्क्रीनच्या काचेवर हात आपटत बसले.

दोन दिवसांनी ती गेली. अंत्यविधीही स्क्रीनवरच पाहिला.

मग लायाचा फोन आला, साधाच. वृद्धाश्रमातून कळलं, रेकॉर्डर रिकामा आहे, म्हणाली. शेवटी काय झालं, ती मुलगी वर आली का? मी म्हटलं, मी सगळं ऐकलंय गं, पण मला तुमची भाषा येत नाही.

ती रडायला लागली आणि रडता रडता मावशीबद्दल कॅटलानमध्ये काहीबाही सांगत सुटली. मला एक शब्द कळेना. सवयीने तोंडातून गेलं, "हं."

ते तिला ऐकू गेलं, आणि ती पुढे सांगू लागली.